एपफ्रदीताची घालमेल : चिंतेने ग्रासलेल्या सहकाऱ्याला साथ

वाचनासाठी शास्त्रभाग : फिलिप्पै २:१९-३०, ४:४-७, ४:१४-१८



या तिमाहीचा अभ्यास आपल्या सेवाक्षेत्रातल्या कार्यकर्त्यांविषयी आहे. वसतिगृहातल्या ताई, आरोग्य कार्यकर्त्या, हिशेब लिहिणारे, गाडी चालवणारे, वाडी-तांड्यावर पायी जाणारे हे सगळे आपल्या प्रार्थनेत असतात. पण त्यांच्यापैकी एखाद्याच्या मनालाच घोर लागला तर आपण काय करतो? मी एकदा जे केले ते चुकीचे होते. तिथूनच सुरुवात करते.

घडलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी देखरेखीचे काम पाहत होते. दसरा-दिवाळीनंतर आपल्या सेनगाव भागातली किती घरे ऊसतोडीला जातात हे आपल्याला ठाऊक आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता थांबत नाही. मागे राहिलेली मुले आजीकडे, नाहीतर वसतिगृहात. आमच्याकडे अशी पस्तीस-चाळीस मुले होती आणि रात्रीला त्यांच्याजवळ एकच ताई. त्यांचे नाव-गाव लिहीत नाही. ही गोष्ट सांगायला त्यांची परवानगी आहे.

एका पावसाळ्यात एका मुलीला रात्री ताप चढून झटके आले. ताईंनी तिला कडेवर घेऊन रस्ता गाठला, गाडी मिळवली, मुलगी वाचली. आम्ही सभेत त्यांचे कौतुक केले, शाल दिली. त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचे रजिस्टर अपुरे राहू लागले. बैठकीला उशीर. फोन उचलेनात. डोके दुखते, पोटात कालवते, अशी रोजची तक्रार. मी बोलावून विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, जीव नुसता घाबरा होतोय. फोन वाजला की काळजात धस्स होतंय. रात्री चार-पाच वेळा उठून लेकरं श्वास घेतात का बघते."

मी काय उत्तर दिले ते मला अजून लागते. मी म्हणाले, "ताई, आपण विश्वासणारी माणसं. फिलिप्पै चार वाचा, प्रार्थना वाढवा. आणि शुक्रवारपर्यंत रजिस्टर पूर्ण करा." पुढच्या उपासनेत मी त्यांच्यासाठी प्रार्थनेची विनंतीही ठेवली, नाव घेऊन. रविवारी दुपारपर्यंत सगळ्या मंडळीला कळले की वसतिगृहाच्या ताईंचे "डोकं ठिकाणावर नाही". त्या आठवड्यात दोन पालक मुले परत न्यायला आले. सोमवारी ताईंचा राजीनामा टेबलावर होता.

माझी कळकळ खरी होती, वचनही खरे होते. तरी मी एका चांगल्या कार्यकर्तीला दुसऱ्यांदा जखमी केले. म्हणून ज्या पत्रातले वचन मी त्यांच्या हाती दिले, ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसले.

पत्रातला घाबरलेला कार्यकर्ता

फिलिप्पैच्या मंडळीने तुरुंगात असलेल्या पौलासाठी देणगी पाठवली होती. ती घेऊन एपफ्रदीत गेला. आजच्या भाषेत तो मंडळीने पाठवलेला क्षेत्र कार्यकर्ता. तिथे तो आजारी पडला, अगदी मरणाच्या दारी गेला. देवाने दया केली, तो वाचला. पण पौल एवढ्यावर थांबत नाही. आपण आजारी असल्याचे घरच्या मंडळीला कळले, या गोष्टीनेच एपफ्रदीत कासावीस झाला आहे, असे तो लिहितो.

शरीराचे दुखणे सरले, पण मनाची घालमेल राहिली. लोक काय म्हणतील, मला पाठवून चूक केली असे वाटेल का, काम अर्धे राहिले का? आपल्या वसतिगृहातल्या ताईंच्या मनात हेच प्रश्न होते.

त्याच्या या अवस्थेसाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, 'अदेमोनेओ', ते संपूर्ण नव्या करारात फक्त तीन ठिकाणी येते. एक इथे. उरलेली दोन मत्तय २६ आणि मार्क १४ मध्ये, गेथशेमाने बागेत, आपल्या प्रभूविषयी. एपफ्रदीताची घालमेल ज्या शब्दात सांगितली, त्याच शब्दात प्रभूची घालमेल सांगितली आहे. मग चिंतेने कासावीस होणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण आहे, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

पौलाने काय केले

आता पौल त्याच्या वरिष्ठाच्या जागी आहे असे समजून पाहा. त्याने चार गोष्टी केल्या.

पहिली, त्याने एपफ्रदीताचा मान शाबूत ठेवला. २:२५ मध्ये तो त्याची ओळख पाच नात्यांनी करून देतो. तीन नाती स्वतःशी जोडलेली, दोन मंडळीशी. आजारपण आणि घालमेल त्यानंतर सांगतो. माणूस आधी, दुखणे नंतर.

दुसरी, त्याने दुखणे लपवले नाही आणि त्याचा गाजावाजाही केला नाही. ज्यांना कळणे आवश्यक होते त्यांनाच, आदराच्या शब्दांत कळवले.

तिसरी, त्याने व्यवस्था बदलली. स्वतःला गरज असताना त्याला घरी पाठवले. "काम पूर्ण झाल्यावर बघू" असे म्हटले नाही.

चौथी, त्याने मंडळीला सांगितले की त्याला आनंदाने स्वीकारा, अशा माणसांचा मान राखा. परत आलेल्या कार्यकर्त्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने आधीच त्याच्यासाठी शब्द टाकला.

हे सगळे दुसऱ्या अध्यायात आहे. चिंता करू नका हे चौथ्या अध्यायात येते. मी ताईंना चौथा अध्याय दिला आणि दुसरा माझ्याकडेच ठेवला.

चौथ्या अध्यायातली ती आज्ञाही अनेकवचनी आहे. ती एकट्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाला नाही, साऱ्या मंडळीला आहे. तिथे चिंतेसाठी वापरलेलाच शब्द पौल २:२० मध्ये तीमथ्याविषयी चांगल्या अर्थाने वापरतो : तो तुमची मनापासून काळजी घेईल. आणि २ करिंथ ११:२८ मध्ये तो स्वतःच कबूल करतो की सर्व मंडळ्यांची चिंता रोज त्याच्या मनावर असते. म्हणजे आपण एकमेकांची काळजी वाहिली तर एकाच्या डोक्यावरची चिंता हलकी होते. ४:१४ मध्ये पौल फिलिप्पैकरांचे आभार मानतो ते याचसाठी. त्याच्या संकटात ते भागीदार झाले, आणि ते नुसत्या शब्दांनी नव्हे, तर माणूस पाठवून आणि पैसा पाठवून.

चिंतेचा आजार म्हणजे काय

काळजी सगळ्यांनाच वाटते, आणि ती उपयोगीही असते. धोका दिसला की शरीर सज्ज होते, छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, हातापायांना घाम येतो. धोका टळला की हे शमायला हवे. काही जणांत ते शमत नाही. धोका नसताना शरीर सज्जच राहते. झोप उडते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, पोट बिघडते, मान-पाठ आखडते. हे बहुतेक दिवस, महिनोन्‌महिने चालले आणि त्याने काम व घर दोन्ही विस्कटू लागले, तर तो आजार आहे. काहींना अचानक झटका येतो, छातीत इतके धडधडते की आता मरतोच असे वाटते. हा झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो, पण पुन्हा येईल या भीतीने माणूस घराबाहेर पडेनासा होतो.

आपल्याकडे कोणी "मला चिंतेचा आजार आहे" असे म्हणत नाही. जीव घाबरा होतो, करमत नाही, डोक्यात किडे वळवळतात, अंगात त्राण नाही, टेन्शन आलंय, असे म्हणतात. हे शब्द ओळखायला शिका. रक्त कमी असणे किंवा थायरॉइडचा त्रास यांनीही अशी धडधड होते. म्हणून आधी साधी तपासणी करून घ्यावी.

हा आजार बरा होतो. समुपदेशनाने अनेकांना उतार पडतो, काहींना गोळ्याही लागतात. चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. त्या मनाने बंद करू नयेत. आणि झोपेची गोळी दुकानातून परस्पर आणून देऊ नये, त्यातल्या काहींची सवय लागते. गोळी घेणे म्हणजे देवावरचा भरवसा सोडणे नव्हे. साखरेची गोळी घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण असे कधी म्हणत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. २०२२ मध्ये या संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. माणसाला नुसते "खंबीर हो" सांगून भागत नाही, कामाची परिस्थिती बदला आणि देखरेख करणाऱ्यांना शिकवा, हा त्यांतला महत्त्वाचा भाग आहे. पौलाने एपफ्रदीताच्या बाबतीत हेच केले होते.

आम्ही काय बदलले

राजीनामा आल्यावर आठवडाभराने मी ताईंच्या घरी गेले. शास्त्र उघडले नाही. क्षमा मागितली आणि ऐकत बसले. त्या दोन तास बोलल्या. त्यांना सगळ्यात जड काय होते? मला वाटले होते मुलांची जबाबदारी. ते नव्हते. रात्री काही झाले तर फोन कोणाला करायचा हे त्यांना माहीत नव्हते. वर तीन जण तीन वेगळ्या सूचना देत होते. आणि मानधन दोन महिने रखडले होते, घरी किराण्याची उधारी होती.

यातल्या एकाही गोष्टीवर केवळ प्रार्थना वाढवणे हा उपाय नव्हता. त्या गोष्टी आम्हालाच करायच्या होत्या. आम्ही ठरवले ते असे :

१. रात्रपाळीला दोन जणी. एकटीवर मुले सोडायची नाहीत.

२. भिंतीवर तीन फोन नंबर, क्रमाने. पहिला उचलला नाही तर दुसरा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

३. सूचना एकाच व्यक्तीकडून, लेखी. रात्री आठनंतर कामाचा फोन नाही, अडचणीचा असेल तरच.

४. मानधन ठरलेल्या तारखेला. उशीर होणार असेल तर आधी सांगायचे.

५. आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी. दवाखान्यात जायला रजा, मनासाठी असो की दातासाठी, सारखीच.

६. अवघड प्रसंग घडला की दोन-तीन दिवसांत बसून बोलायचे. शाल नंतर.

ताईंना जिल्हा सामान्य रुग्णालयात नेले, उपचार सुरू झाले. त्या दोन महिन्यांनी कामावर आल्या. पहिल्या पंधरवड्यात अर्धा दिवस, रात्रपाळी नाही. मुलांचा अभ्यास घेणे त्यांना आवडत होते, ते काम त्यांच्याकडेच ठेवले. आम्ही आपण होऊन सगळे काढून घेतले असते तर त्यांना वाटले असते की आपल्यावर कोणाचा विश्वास उरला नाही. काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे, हे त्यांनाच विचारले. त्या पूर्ण बऱ्या झाल्या असे लिहीत नाही. पावसाच्या रात्री अजून जीव घाबरा होतो. पण आता बाजूला दुसरी ताई असते.

जामखेड आणि गोवा

आपल्या लहान संस्थांना हे जमेल का, असे वाटेल. दोन उदाहरणे पाहा.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुतेक न शिकलेल्या, गरीब व दलित घरांतल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. आज तो प्रकल्प जगभर ओळखला जातो. त्यात एक साधी रीत होती. या बाया दर आठवड्याला जामखेडला एकत्र येत, मुक्काम करत, शिकत आणि आपल्या गावात काय घडले ते एकमेकींना सांगत. गावात एकटी पडलेली बाई आठवड्यातून एकदा आपल्यासारख्या इतर जणींत बसत असे. कार्यकर्तीला टिकवायला अशी बैठक लागते. तिला मोठा खर्च नाही.

दुसरे उदाहरण गोव्याचे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगथ' संस्थेने तिथे २४ आरोग्य केंद्रे व दवाखान्यांत एक मोठा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य व चिंतेच्या रुग्णांशी बोलण्यासाठी, त्यांना समजावण्यासाठी आणि उपचारांचा पाठपुरावा करण्यासाठी डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिले होते. त्यांच्या पाठीशी डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ होते. सरकारी आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनंतर बरे होणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसले. म्हणजे शिकवलेली, ऐकून घेणारी साधी माणसेही मोठा फरक पाडू शकतात.

मदत कुठे मिळेल

'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची सेवा मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येकाला असे उपचार मिळण्याचा आणि आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे.

कोणी "जगून काय उपयोग" अशी भाषा करू लागले तर सरळ विचारा : जीव द्यावा असे मनात येते का? विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटे सोडू नका, घरातले फवारणीचे औषध कुलपात किंवा दुसऱ्याकडे ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मंडळीने काय करावे

आता आपल्याविषयी, म्हणजे देणाऱ्यांविषयी आणि प्रार्थना करणाऱ्यांविषयी.

प्रार्थनेची विनंती ठेवताना त्या व्यक्तीला आधी विचारा. ती नको म्हणाली तर नाव न घेता, मनात प्रार्थना करा. देवाला नाव माहीत आहे. आपल्या मंडळ्यांत प्रार्थनेच्या विनंतीतूनच गावभर बातमी जाते, हे आपण मान्य करू या. कायदा डॉक्टरला गुप्तता पाळायला लावतो. आपल्याला तर प्रीतीने ती पाळायची आहे.

दान देताना कार्यकर्त्याच्या मानधनासाठीही द्या. मुलांच्या ताटासाठी द्यायला पुष्कळ हात पुढे येतात, वाढणाऱ्या ताईंच्या पगारासाठी फार थोडे. थोडे दिले तरी चालेल, पण दरमहा आणि वेळेवर द्या. नाताळला एकदम आलेल्या मोठ्या रकमेने ऑगस्टमधली उधारी फिटत नाही.

भेटीला येताना आधी कळवा. आल्यावर मुलांना गाणे म्हणायला लावण्याआधी ताईंजवळ दहा मिनिटे बसा आणि विचारा, "तुम्ही कशा आहात?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

कोणी कार्यकर्ता रजेवर घरी आला तर "काय, सेवा सोडली का?" असे विचारू नका. एपफ्रदीत फिलिप्पैच्या वेशीवर पोचला तेव्हा पौलाचे पत्र त्याच्या बाजूने होते. आपल्या कार्यकर्त्याच्या बाजूने आपण असायला हवे.

चर्चेसाठी प्रश्न

१. फिलिप्पै २:२५-३० मोठ्याने वाचा. पौलाने एपफ्रदीताविषयी मंडळीला काय सांगितले आणि काय सांगायचे टाळले?

२. चिंतेने ग्रासलेल्या कोणाला आपण कधी फक्त वचन दिले आणि व्यवस्था बदलायची टाळली का? तेव्हा कोणती व्यवस्था आपल्या हातात होती?

३. आपल्या मंडळीत नाव घेऊन केलेल्या विनंतीने कोणी दुखावले असेल का? पुढे काय काळजी घ्याल?

४. तुम्ही ज्या कार्यकर्त्यासाठी प्रार्थना करता, त्यांना आठवड्याची सुट्टी मिळते का, मानधन वेळेवर मिळते का? माहीत नसेल तर या महिन्यात विचारून घ्या.

५. तुम्ही स्वतः कामाला माणसे ठेवता का? शेतावर, दुकानात, घरात? वरच्या सहा गोष्टींपैकी कोणती तुम्हाला उद्यापासून करता येईल?

प्रार्थना

हे प्रभो, बागेत तुझाही जीव कासावीस झाला होता. आमच्या वाड्या-तांड्यांवर रात्री जागणाऱ्या तुझ्या सेवकांना तू ओळखतोस. त्यांना झोप दे, सोबती दे. आणि त्यांच्या ओझ्याचा जो भाग आम्ही उचलायला हवा, तो उचलायला आम्हाला लाव. आमेन.